परतीच्या तारेवरचं बटण

विजेला घरात कोंडून ठेवू पाहणारा माणूस सगळ्या सातारा जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आक्काच्या, पदरी पडला. दाजी पलटणीत ट्रक चालवत. लढाई संपल्यावर ते कोरेगावच्या घरच्या उसाकडे न जाता साताऱ्यात घर करून राहिले, ते केवळ तिथं वीज होती म्हणून. पलटणीत एकदा ट्रकचा दिवा बदलल्यापासून विजेतलं आपल्याला कळायचं काही उरलेलं नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. म्हणून मीटरपर्यंतचं काम तेवढं त्यांनी कंपनीच्या माणसाला करू दिलं आणि आतल्या तारा स्वतः ओढल्या.

वीज म्हणजे लक्ष्मी, हा त्यांचा सिद्धांत. दिवेलागणीला ते वहाणा काढून बटणाला हात जोडत, आणि पाहुण्यांनाही जोडायला लावत. घरपट्टीची नोटीस घेऊन आलेल्या कारकुनाला त्यांनी आधी बटणाच्या पाया पडायला लावलं. तो पुन्हा त्या आळीत फिरकला नाही. हाही त्यांना लक्ष्मीचाच प्रताप वाटला.

खरी मौज पुढेच होती. दिव्याला दोन तारा जातात, एक वीज आणणारी आणि एक परत नेणारी. बटण आणणाऱ्या तारेवर बसवायचं, हे सगळ्या जगाला मान्य आहे. दाजींनी ते परतीच्या तारेवर बसवलं. मी सांगलीहून दिवाळीला गेलो तेव्हा त्यांना कारण विचारलं.

"लक्ष्मी येताना दार लावतंय का कुनी, गड्या? ती जायाला निघाली की लावायचं. तवाच ऱ्हाती घरात."

आणि ती राहत होती, हेच तर दुखणं होतं. बटण बंद केलं की दिवा विझे, पण वर होल्डरात वीज दबा धरून बसलेली असे. कुणी हात लावला तर जीव जाईल, असं मी त्यांना परोपरीनं सांगितलं. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "म्हंजे हाय न्हवं घरात?" आक्काला अधूनमधून झिणझिण्या येत, त्याला ते प्रसाद म्हणत.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आक्कानं बटण बंद केलं आणि स्टुलावर चढून ती ओल्या फडक्यानं होल्डर पुसायला लागली. हिसका बसला आणि ती खाली आली. डोळे मिटलेले, तळव्यावर काळा डाग. दाजी तिचे हात चोळत एकच म्हणत होते, "आगं, बोल की. काय बी बोल."

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. "मला काय झालं न्हाई," ती म्हणाली. "आवं, आज सणाचं तारांना हात लावू नका."

दाजी उठले. मीटरजवळचं मोठं बटण त्यांनी खाली ओढलं आणि पक्कड घेऊन घरातल्या तारा तोडायला सुरुवात केली. न राहवून मी म्हणालो, "दाजी, आज लक्ष्मीपूजन हाय."

"जाऊ दे तिला," ते म्हणाले. "ही गेली असती म्हंजे?"

त्या संध्याकाळी आळीभर विजेचे दिवे होते, आमच्या घरात पणत्या. इतके दिवस मी या माणसाला हसत आलो होतो, त्या दिवशी मात्र ते मला फार जवळचे वाटले. आक्का दोनदा पूजेची आठवण होऊन उठू लागली. दाजींनी तिचा हात काही सोडला नाही.

"बस गं जरा," ते म्हणाले. "हलू नगंस."