पटावरची मुलगी

माकणीच्या धरणाजवळच्या एका गावात माझी बदली झाली आणि पाचवीचा वर्ग माझ्याकडं आला. पहिल्याच सकाळी हजेरी घेताना एका मुलीचं नाव पुकारलं, तर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "हजर, बाई!"

मी मान वर केली. कुणीच उठलं नव्हतं. मुलं दाटीवाटीनं बसली होती, पण खिडकीजवळ एका मुलीपुरती जागा रिकामी होती. तिथं कुणाचा गुडघासुद्धा टेकला नव्हता.

"कुठं आहे ती?"

"ती तिथंच बसती, बाई," शेजारची मुलगी हळूच म्हणाली. वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोर ही; आईवडील दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायचे. "दिसत न्हाय, पण लई हुशार हाय."

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी खुलासा केला. मुलगी खरी होती. उमरग्यात राहायची, तिथंच शिकवणीला जायची. सरकारी निवासी शाळेतल्या सहावीच्या बऱ्याच जागा तिसरी ते पाचवी खेड्यात शिकणाऱ्या मुलांसाठी राखीव. म्हणून वडिलांनी तिचं नाव तिसरीपासून आमच्या पटावर ठेवलं होतं.

"पट घसरला तर शाळाच बंद होईल, बाई," सर म्हणाले. "पोरांना सांगून ठेवलंय, हजर म्हणा म्हणून."

मी तिच्या नावापुढं गैरहजर लिहू लागले. पण तिसरीपासून तिच्या वतीनं ओ देणाऱ्या मुलांना ते पटेना. पेन्सिल हरवली की ती तिनंच नेलेली असायची. खिचडीचा पहिला घास कुणीतरी खिडकीत ठेवायचं. एकदा मी त्यांना आपल्या वर्गाचं चित्र काढायला सांगितलं. प्रत्येकाच्या चित्रात ती होती: दोन लांब वेण्या, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता कोरा कागद.

"डोळे का नाही काढले?" मी विचारलं.

"आमी बघितलेच न्हाईत की."

निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेच्या दिवशी मुलांना घेऊन मी तालुक्याच्या केंद्रावर गेले. एका गाडीतून वडिलांबरोबर एक मुलगी उतरली. केस कापलेले, डोळ्यांवर चष्मा. वडिलांनी तिला नावानं हाक मारली आणि माझी सगळी मुलं माझ्या पाठीमागं सरकली. एकाला तर रडूच फुटलं.

मुलगी सरळ माझ्याकडं आली. "तुम्हीच आमच्या बाई ना? बाबांनी तुमचं नाव पाठ करून घेतलंय. कुणी विचारलं तर... मी वर्गात कुठं बसते?"

मी काही बोलायच्या आत पाठीमागून उत्तर आलं, "खिडकीपाशी." आवाज माझ्या त्या चुणचुणीत पोरीचा होता.

"ही राखीव जागा या पोरांसाठी आहे," मी वडिलांना म्हणाले.

ते चिडले नाहीत. "पेपर तर तीच लिहिणार ना, बाई? पहाटे उठून अभ्यास केलाय तिनं. मार्क काय कुणी खिरापत म्हणून वाटतं का?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच मी जास्त अस्वस्थ झाले. शिकवणी म्हणजे काय, हे माझ्या पोरांना ठाऊकही नव्हतं.

मी शिक्षण खात्याकडं तक्रार केली. साहेब चौकशीला आले, थेट वर्गात शिरले आणि मुलांनाच विचारलं, "ही मुलगी शाळेत येते का?"

"येती की, साहेब. रोज येती."

"कुठं बसते?"

सगळे हात एकदम खिडकीकडं वळले. त्या दिवशी कुणीही त्यांना पढवलं नव्हतं. मुलं खोटं बोलत नव्हती, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. साहेब त्या रिकाम्या जागेकडं बराच वेळ बघत राहिले, रुमालानं मान पुसली आणि हजेरी न उघडताच निघून गेले. चौकशी तिथंच मिटली.

निकालात उमरग्याची मुलगी निवडली गेली. आमच्यातलं कुणीच नाही.

माझी ती चुणचुणीत पोर माझ्या घरी आली, दारातच उभी राहिली. "बाई, पुढच्या साली परत बसू का? आता मी लई अभ्यास करीन."

"ही परीक्षा एकदाच देता येते, बाळा."

ती मग म्हणाली, "बरं. ती तरी गेली न्हवं? आमच्याच वर्गातली हाय."

ती हसत होती. मैत्रिणीचं कौतुक करताना हसावं तसं, अगदी मनापासून. मला तिच्याकडं बघवेना.