चटण्याला साहेब म्हणायचं

आमचा सिद्धनाथ पाटबंधारे खात्यातून मोठा साहेब होऊन निवृत्त झाला, जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, तरी आमच्यासाठी तो चटण्याच राहिला. आमची शाळा इंग्रजांच्या काळातली. नावात इंग्लिश, बाकी कारभार अस्सल सोलापुरी. तिथं हा पठ्ठ्या आरिफच्या डब्यातली शेंगाचटणी मधल्या सुट्टीआधीच फस्त करायचा. नाव पडलं ते पडलंच. आमच्या वर्गात कुणाकडं बारसं असो की मयत, सगळे हजर, आणि हाक शाळेतल्याच नावानं.

म्हणून लेकीला, ऋतुजाला, बघायला माळशिरसचे पाहुणे येणार म्हटल्यावर त्यानं आदल्या दिवशी आम्हाला चहा पाजून हात जोडले. "उद्या तेवढं साहेब म्हणा रे. पोरीच्या मनातलं स्थळ आहे."

आम्ही म्हटलं. जरा जास्तच म्हटलं. "साहेब, आपण बसावं." "साहेब, पोहे घ्यावेत." ज्यानं त्याला नववीत विहिरीत ढकललं होतं, तो नबीलाल तर हात बांधून उभाच राहिला.

मुलाचे वडील रावजी सगळं बघत होते. बशी खाली ठेवून म्हणाले, "राग मानू नका साहेब. हे तुमचे शाळासोबती म्हनं. पर एकबी तुमाला अरे म्हनंना. समदी दबकून हायत. उद्या आमचं पोरगंबी असंच दबकून ऱ्हायचं व्हय? इचार करून कळवतो."

'विचार करून कळवतो' म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दाराआडून ऋतुजाचा उतरलेला चेहरा दिसला आणि मला फार वाईट वाटलं. आमचं नाटक तिच्या मुळावर आलं होतं.

पाहुणे चपला घालत होते, तेवढ्यात आरिफ आला. ट्रक घेऊन विजापूरला गेलेला, त्यामुळे आदल्या दिवशीचा चहा आणि ताकीद दोन्ही हुकलेलं.

"अबे चटण्या!" तो जिन्यातूनच ओरडला. "लेकीचं जमवतो आणि मला पत्ता नाही? माझा डबा खाऊन एवढा झाला की बे तू!" आणि साहेबाच्या पाठीत धपाटा.

सिद्धनाथनं डोळे मिटले. रावजी थबकले. "कसला डबा?"

आरिफनं सगळं रामायण सांगितलं. रावजी हसत हसत परत खुर्चीत बसले. "मग आदीच सांगायचं की! लेकीला बोलवा. बोलणी करू."

सिद्धनाथचे डोळे भरून आले. आमच्याकडं वळून म्हणाला, "आता तरी अरे म्हणा की रे."

नबीलालनं बांधलेले हात सोडले, चटण्याच्या पुढ्यातली पोह्यांची बशी ओढली आणि स्वतःच खायला लागला.