वेटोळ्यातला हात

ओल्या गोणपाटाचा वास आला की माझा उजवा हात आपोआप मागे येतो. कॉलेजात असताना सोलापुरात पकडलेले साप ठेवायच्या एका केंद्रात मी मदतीला जायचे. तिथे अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून महिनाभर उपाशी बसली होती. वळवाचा पाऊस झाला, पिंजऱ्यावर ऊन लागू नये म्हणून टाकलेली गोणपाटं चिंब झाली आणि सकाळी पाहिलं तर तिचं सगळं अंग थरथरत होतं. "आजारी आहे का?" मी विचारलं. सांगोल्याकडचे राखणदार मामा म्हणाले, "न्हाय, अंड्यांना ऊब देतीया. पुरतीया का बगाय पायजे." त्यांचा जाड हात वेटोळ्याच्या फटीत जाईना, म्हणून थर्मामीटर घेऊन माझा गेला. मनगट आत गेलं आणि तिची थरथर थांबली. तिने डोकं उचलून माझ्या मनगटावर ठेवलं. "हलू नगा," मामा हळूच म्हणाले. बऱ्याच वेळाने डोकं बाजूला झालं, मी हात काढला, तिने लगेच फट बुजवली आणि ती पुन्हा थरथरू लागली. गेल्या वर्षी सातव्या महिन्यात झालेली माझी मुलगी काचेच्या पेटीत होती. नर्स आत हात घालायची, तेव्हा मी तिच्या मनगटावरून नजर काढत नव्हते.