मिनर्वाचा ताणलेला मूस

मिनर्वा पार्डीच्या स्वयंपाकघरातून गल नावाच्या तळ्याकाठचं रस्त्याचं वळण दिसायचं. न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर रस्त्यात मूस, म्हणजे घोड्याहून उंच असं रानटी हरीण, दिसला, की फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकायचा, असा शिरस्ता होता. तिन्हीसांजेला गाडी काढणारा माणूस आधी ग्रुप बघायचा, मग आभाळ. वळणावरचे फोटो बहुतेक मिनर्वाचेच असत.

तिची उमेदीची वर्षं मासळीच्या कारखान्यात कॉड सोलण्यात गेली. कारखाना बंद पडला, तेव्हा मुलीनं तिला टॅब्लेट पाठवला. चिमटीत धरून चित्र ताणता येतं हे कळल्यावर मिनर्वाला एका प्रश्नानं पछाडलं: मूस केवढा केला, म्हणजे माणसं नाही म्हणतील?

पहिल्यांदा तिनं एका नराची शिंगं जराशी रुंद केली. कुणी हूं की चूं केलं नाही. पुढच्या मुसाची पाठ विजेच्या खांबाशी भिडवली. तर दुकानदार अँब्रोज म्हणाला, "हाच तो! गेल्या हिवाळ्यात माझ्या ट्रकवरून उडी मारून गेलेला!"

मिनर्वा चकित झाली. माणसं विश्वास ठेवत होती, एवढंच नाही. त्यांना तो मूस आठवायलाही लागला होता. शेवटी तिनं त्याला चर्चच्या घंटाघराएवढा उंच केला, तेव्हा कुठे गाव हसलं. तिचा नवरा गार्लंड जाईल तिथे सांगायचा, "आमच्या बाईच्या मुसाला चरायला ढग लागतात."

पण हे सगळे मूस तिनं त्याच ग्रुपवर सोडले होते.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी धुकं उतरलं. गार्लंड शहरातून ट्रक घेऊन घरी यायचा होता. कपबशा विसळताना मिनर्वाला वळणावर काहीतरी हललेलं दिसलं. मुसाची मादी, मागे पाडस. ओल्या लाकडासारखा रंग. तिनं फोटो टाकला.

"मिनर्वाकाकू, शिंगं चिकटवायची राहिली!" कुणीतरी लिहिलं.

"ही तर शेळी झाली," अँब्रोज.

तिनं गार्लंडला फोन लावला. तो पेट्रोल पंपावर चहा पीत होता.

"वळणावर मूस आहे. पाडसासकट."

"बघितला की फोटो! आज फार काटकसर केलीस गं."

"अरे, खरी आहे ती!"

"तो चर्चवाला पण खराच होता ना? चहा टाक, आलोच." फोन बंद झाला. पुन्हा लावला, तर उचलला नाही. म्हणजे तो निघाला होता.

मिनर्वानं कोट न घालताच जुनी गाडी काढली, टॅब्लेट शेजारी टाकला. समोरच्यानं दिव्यांची उघडझाप केली, की पुढे मूस आहे, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. त्या खुणेची चेष्टा कुणी कधी केली नव्हती, तिनंसुद्धा.

मात्र गार्लंडपर्यंत पोचायला तेच वळण पार करायचं होतं. खिडकी उघडी ठेवून, कान देत ती पावलाच्या वेगानं गेली. खुरांचा आवाज नाही, श्वास नाही. कडेला झाडांची काही काळी खोडं, बस्स. गेली वाटतं रानात, असं तिला वाटलं.

पुढे चढावर ट्रकचे दिवे भरधाव येताना दिसले. तिनं उघडझाप केली. पुन्हा केली. पुन्हा. ट्रक कचकन थांबला.

गार्लंडनं काच खाली केली. समोरची गाडी आपलीच आहे, हे त्यानं वाकून बघितलं. मग म्हणाला, "खरंच आहे?"

"खरंच."

"बरं. तू पुढे हो. मी मागनं येतो."

तिनं गाडी माघारी फिरवली. वळणावर ती आणखी हळू झाली, आणि तिचे दिवे त्या खोडांवर पडले. चार होती. त्यातलं एक वाकलं आणि पुढे पडलं.

मिनर्वानं ब्रेक दाबला. मागे गार्लंडही थांबला. प्रकाश मादीच्या गुडघ्यांच्या जरा वर जाऊन संपत होता. त्याच्यावर धड नव्हतं, मान नव्हती. नुसतं काळोखं धुकं. जाताना मिनर्वा हिच्या हाताच्या अंतरावरून गेली होती. आणि फोटोत तर तिनं प्रत्येक मूस शिंगांच्या टोकापर्यंत लख्ख उजळला होता.

पाडस तुरुतुरु रस्ता ओलांडून गेलं. आई तशीच उभी.

मागून आणखी एक गाडी आली. गार्लंडनं हात बाहेर काढून तिला थांबवलं.

"काय रे, मिनर्वाचा मूस की काय?" अँब्रोजचा आवाज आला.

"गाडी बंद कर आणि गप बस," गार्लंड म्हणाला.

टॅब्लेट शेजारच्या सीटवर होता. मिनर्वानं तिकडे हात नेला नाही. काचेवर वाकून, मान वर करून, त्या काळोखात हिचे डोळे नेमके कुठे असतील, ते ती शोधत राहिली.