फिल्टरच्या डब्याला बांधलेली माता

लुदिविया ग्राहालेस दुकानात अंडी घ्यायला गेली की एकेक अंडं कानाशी धरून हलवून बघायची. मांस घरी आणून पुन्हा तोलायची. रविवारी चर्चमध्ये सगळे डोळे मिटून प्रार्थना करत, तेव्हा हिचा एक डोळा पर्सवर. मनाने वाईट नव्हती हो. शेजारणीच्या अडीनडीला सगळ्यात आधी धावायची तीच. पण कुणी ‘विश्वास ठेवा’ म्हणालं, की तिच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा.

“ही स्वर्गात गेली ना,” तिचा नवरा रुबिएल म्हणायचा, “तर आधी दारावरच्या संत पेद्रोकडून स्वर्गाच्या किल्ल्या मागून घेईल. कुलूप नीट लागतं की नाही ते बघायला.”

रुबिएल कॉफीच्या मळ्यात घसरला, गुडघा गेला, आणि तेव्हापासून घर लुदिवियाच्या मोटरसायकलवर चाललं होतं. पहाटे उठून अरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, भाजायच्या, ताजं चीज केळीच्या पानात बांधायचं, सगळं मागच्या पेटीत भरायचं आणि एल सिलेन्सियोच्या चढाला लागायचं. वरच्या वाड्यांतले दुकानदार तिची वाट बघत असायचे. या कामाचं तिला ओझं नव्हतं. अर्ध्या डोंगरावर धुकं संपून ऊन लागायचं, मग ती हेल्मेटच्या आत गळा काढून गायची. सूर पार भरकटलेला असे, पण तिथे ऐकायला कोण होतं?

पहिल्या मोटरसायकलने मात्र दगा दिला होता. खालच्या शहरातल्या एका एजन्सीत ती दर वेळी इमानाने सर्व्हिसिंग करून घ्यायची आणि दर वेळी बिलावर ‘एअर फिल्टर बदलला’ असं लिहून मिळायचं. एक दिवस ऐन चढावर इंजिनाने धूर ओकला आणि गाडीने मान टाकली. गॅरेजात उघडून बघतात तर फिल्टर कंपनीतून आला होता तोच, मातीने लिंपलेला. ती सगळी धूळ इंजिनाच्या पोटात गेली होती. त्या दिवशी लुदिविया रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडली. गाडी गेली याचं दुःख होतंच, पण आपल्यासारखीला कुणी इतकं सहज बनवावं, हे जास्त झोंबलं.

आता नवी मोटरसायकल आली होती, आणि वॉरंटी टिकवायची तर सर्व्हिसिंग एजन्सीतच करायला हवं होतं. गावातच, सांता इनेसमध्ये, एक नवी एजन्सी निघाली होती. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही गाडी बसली तर तिसरी घेण्याची ऐपत नव्हती, आणि पन्नाशी उलटल्यावर दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चाकरी करायची तिची तयारी नव्हती.

सर्व्हिसिंगच्या आदल्या संध्याकाळी तिने गळ्यातला कार्मेन मातेचा ताईत काढला. तपकिरी दोरा, त्याला दोन पांढरे कापडी चौकोन, पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिलेला. गाडी हाकणाऱ्यांची ती माता. लोक असले ताईत हँडलला बांधतात. लुदिवियाने मोटरसायकलचं बाजूचं कव्हर उघडलं आणि तो फिल्टरच्या डब्याला असा आवळून बांधला, की दोरा सोडल्याशिवाय किंवा तोडल्याशिवाय झाकण निघूच नये.

रुबिएल दारात कॉफी पीत उभा होता. “अगं म्हातारे, मातेला चौकीदार केलंस?”

“तिला पगार द्यावा लागत नाही,” लुदिविया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एजन्सीत ती काचेला नाक लावून बसली. काचेपलीकडे मेकॅनिक काम करत होते. पण तिची गाडी नेमकी खांबाआड लावलेली. विल्मर नावाच्या जाडजूड मेकॅनिकची फक्त पाठ दिसत होती. मान इकडून ताणली, तिकडून ताणली, शेवटी मानच अवघडली.

गाडी बाहेर अंगणात आली, तशी तिने आधी कव्हर उघडलं. दोरा जिथल्या तिथे, तीच गाठ. पांढऱ्या चौकोनांवर काळ्या बोटाचा एक ठिपकासुद्धा नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“चोर मेले! झाकणाला हातसुद्धा लावला नाही यांनी! एकदा फसले म्हणून जन्मभर फसेन वाटलं का रे तुम्हाला?”

रांगेतली माणसं माना वळवून बघू लागली. विल्मर बाहेर आला. त्याने कव्हरकडे बघितलं, ताईताकडे बघितलं, आणि कोपऱ्यातल्या नळाकडे गेला.

“बघा, बघा! हात धुऊन मोकळा होतोय!” लुदिविया ओरडली.

विल्मरने साबण लावून, नखंसुद्धा घासून हात धुतले. नवं फडकं घेऊन पुसले. मग तो गाडीशी उकिडवा बसला आणि गाठ सोडायला लागला. जाडजूड बोटं, पण घाई नाही की ओढाताण नाही. दोरा सुटल्यावर त्याने ताईताची घडी घातली, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि झाकण उघडलं.

आत कोरा करकरीत फिल्टर होता.

मग तो आत जाऊन जुना फिल्टर घेऊन आला. त्यावर लाल धूळ बसली होती. ती लाली लुदिवियाने लगेच ओळखली. एल सिलेन्सियोच्या चढाशिवाय ती दुसरीकडे कुठे नाही.

“मग दोरा तसाच कसा?” तिचा आवाज खाली आला होता.

“मघाशी असाच सोडला, काम झाल्यावर होता तसा बांधला. तोडणार कसा, बाई? माता आहे ती.”

“आणि डाग?”

“ऑइलच्या हातांनी शिवू तिला? माझी आई थडग्यातून उठून येईल!”

रांगेत हशा पिकला. लुदिविया मात्र हसली नाही. तिने हळूच विचारलं, “तो कशाला बांधलाय, ते कळलं होतं तुला?”

“कळलं की. हँडलला बांधतात तो रस्त्यासाठी. फिल्टरच्या डब्याला बांधतात तो आमच्यासाठी.” विल्मरने खांदे उडवले. “माझी गाडी मी दुसऱ्याकडे दिली, तर मीही बांधीन.”

लुदिवियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्यावर मातेला पहाऱ्याला बसवलं, त्याने तिला हात धुऊन उचललं होतं आणि काम होईपर्यंत छातीशी ठेवलं होतं. माफी मागायची तिला सवय नव्हती. “चुकलं माझं,” एवढंच म्हणाली, तेही गाडीकडे बघत.

“चालायचंच,” विल्मर म्हणाला आणि दोरा पुन्हा बांधायला लागला. तिने त्याच्या हातून ताईत घेऊन गळ्यात घातला.

घरी रुबिएलने विचारलं, “काय म्हणाली चौकीदारीण?”

“तुझा गुडघा बरा होऊ दे, मग तुलाच बसवते पहाऱ्याला,” ती फणकारली, आणि मग सगळं सांगून टाकलं. रुबिएल इतका हसला, की कॉफी सांडली.

पुढच्या सर्व्हिसिंगला लुदिविया एजन्सीत आली, तेव्हा विल्मर हातातलं काम टाकून पुढे झाला. तिने गळ्यातला ताईत काढला. तिला तो पुढे करताना बघून विल्मर न सांगताच नळाकडे वळला.

“राहू दे रे, तसाच ये,” ती म्हणाली, आणि तिने स्वतःच्या हाताने तो त्याच्या वरच्या खिशात ठेवला. “काम होईस्तोवर सांभाळ.”

मग काचेजवळच्या बाकाकडे न बघता ती समोरच्या हॉटेलात गेली, रस्त्याकडे पाठ करून बसली आणि तिने कॉफी मागवली.