अठराचं अ‍ॅव्हरेज

आमच्या ह्यांनी नोकरीभर कालव्याचं पाणी मोजलं. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले, म्हणून पेट्रोल मोजायला घेतलं.

गाडी जुनीच घेतली होती, आणि घेतली होती माझ्यासाठी. पोखर्णीच्या अलीकडच्या एका गावात मी शाळेवर आहे. इतकी वर्षं परभणीच्या स्टँडवर बसची वाट पाहून माझा जीव विटला होता. पन्नाशीत ड्रायव्हिंग शिकले, लायसन्स काढलं, कॉलनीत पेढे वाटले. पेढे संपल्यावर ह्यांनी अट घातली.

"तुझ्या हातात गाडीनं लिटरला अठरा दिले, तर एकटीनं शाळेला न्यायची. न्हाई तर बस हायच की."

ह्यांचं स्वतःचं एकोणीस यायचं. कसं यायचं ते मला विचारा. पेट्रोल भल्या पहाटे भरायचं, कारण तेव्हा ते म्हणे थंड आणि घट्ट असतं. चाकांची हवा एक दिवसाआड तपासायची. डिकीतली स्टेपनी, जॅक, छत्री, सगळं काढून घरात ठेवलं. स्टेपनी आमच्या दिवाणाखाली आहे आणि झाडताना दर वेळी माझं डोकं उठवते. एसी बंद. काचाही बंद, कारण आत येणारी हवा गाडीला मागे ओढते. परभणीच्या एप्रिलमध्ये बंद काचांच्या गाडीत बसणं म्हणजे काय, हे फक्त आमच्या घरातल्या वाफवलेल्या ढोकळ्याला ठाऊक असेल.

एका सुट्टीच्या शनिवारी माझी परीक्षा ठरली. टाकी काठोकाठ भरायची, पोखर्णीला नरसिंहाचं दर्शन घेऊन परत यायचं, पुन्हा काठोकाठ भरायची आणि हिशोब करायचा. हे शेजारच्या सीटवर. डोळे रस्त्यावर नाहीत, काट्याशेजारच्या अ‍ॅव्हरेजच्या आकड्यावर.

"पाय हलका ठेव. झोपलेल्या लेकरापासून उठतीस तसा. अगं, गिअर बदल! सोळा दाखवायलंय!"

माझ्या पदराने घाम पुसायचीही चोरी होती. शहराबाहेर पडून थोडं गेल्यावर एका फाट्यावर तीन बायका उभ्या दिसल्या. त्यातल्या म्हातारीनं हात केला.

"थांबू नको!" हे ओरडले. "थांबलेली गाडी उचलायला लय पेट्रोल खाती!"

पण ऊन डोक्यावर होतं, आणि मी स्वतः अशा कितीतरी फाट्यांवर हात करून उभी राहिलेली बाई. पाय आपोआप ब्रेकवर गेला. म्हातारीनं ह्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि आत डोकावून म्हणाली, "भाऊ, तुमी मागं जा. मागं बसलं की मला उलटी हुती."

सीटकव्हर नवीन होतं. हे निमूटपणे उतरून मागे गेले. बाकीच्या दोघी त्यांच्या शेजारी बसल्या, मांडीवर नारळाच्या पिशव्या घेऊन. माझे साहेब दाराला चिकटले.

"गार हवा न्हाई का यात?" म्हातारीनं विचारलं. मी एसी लावला. मागून एक उसासा ऐकू आला.

"किती दाखवायलंय?" थोड्या वेळानं मागून आवाज.

मी तोंड उघडायच्या आत म्हातारी वळली. "भाऊ, बाई नीट चालवायलीय. तुमी गप बसा."

आणि हे गप बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे मी पहिल्यांदाच पाहिलं. माझे खांदे सैल झाले. मी चौथा गिअर टाकला, मग पाचवा. मला इतका आनंद झाला, की मी चक्क गुणगुणायला लागले.

दर्शन झाल्यावर तिघी गाडीपाशी हजर. "चला, बाई." जाताना जसे बसलो, तसेच येताना बसलो. फाट्यावर उतरताना प्रत्येकीनं पन्नासची नोट काढून ह्यांच्या हातात ठेवली. दाराशी बसलेला गप्प माणूस कोण असणार? भाड्याच्या जीपवर पैसे गोळा करणारा माणूसच! हे "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्या वाटेला लागल्यासुद्धा.

पंपावर झाकण उघडायला ह्यांनी किल्ली मागून घेतली, टाकी काठोकाठ भरली. ह्यांनी मोबाईलवर हिशोब केला.

"चौदा," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं कमी, रागाचं जास्त. सोमवारी पुन्हा स्टँड, पुन्हा तीच धूळ. ह्यांची बोटं मात्र मोबाईलवर चालूच होती. मग ते एकदम उजळले.

"थांब, थांब. त्यांचे पैसे वजा केले तर पेट्रोल निम्म्या पैशात पडायलंय! अठराचं काय घेऊन बसलीस! सोमवारपासून गाडी तू ने. फक्त फाट्यावर थांबत जा."

"थांबणारच हाय," मी म्हणाले. "पण पैसे घ्यायला न्हाई, हे परत द्यायला. आणि पुढंही कुणाकडून घ्यायची न्हाई. मी मास्तरीण हाय, जीपवाली न्हाई."

त्यांचा चेहरा उतरला. "मग चौदाच पडतं की गं."

"चौदाच," मी म्हणाले, आणि तळहात पुढे केला. ह्यांनी त्यावर आधी नोटा ठेवल्या. मी हात मागे घेतला नाही. मग किल्लीही ठेवली.