उलटं बसलेलं सील

घोडबंदर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मेकॅनिकने माझ्या गाडीच्या इंजिनाचं गळकं ऑइल सील, तेल अडवणारी रबरी कडी, उचकटून काढलं. जळक्या ऑइलचा वास आला आणि माझा हात आपोआप भुवईवर गेला. तिथे अजून व्रण आहे.

तो पडला तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कल्याणला चाळीसमोर नवरा आमच्या सेकंडहँड गाडीचं असंच सील बदलत होता आणि त्याचे दोन मित्र चहा पीत बघत होते. माझ्या वडिलांचं विठ्ठलवाडीला पंप दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे असली सीलं मी शाळेत असल्यापासून बसवलेली. न राहवून बोलले, "अहो, उलटं बसवताय. स्प्रिंगची बाजू आत जाते."

मित्र खिदळले. "अरे, पाना वहिनीलाच दे!"

नवऱ्याने हातातला पाना माझ्या तोंडावर भिरकावला. डोळ्यात गरम रक्त उतरलं. "तू शिकवणार मला?" म्हणत त्याने केस धरून माझं डोकं गाडीच्या दारावर आपटलं. मित्र हातात कप धरून नुसते उभे राहिले.

मित्र गेल्यावर मी भुवईला पदर दाबून उंबऱ्यात बसलेले. माझ्याकडे न बघता त्याने सील काढलं, उलटवलं आणि मी सांगितलेलं तसंच बसवलं. गाडी पुन्हा कधी गळली नाही.

त्या मारापेक्षा आज माझं डोकं फिरतं ते माझ्याच एका वाक्याने. मोरीत रक्ताचा पदर पिळताना मी मनात म्हणालेले, "चला, ऐकलं तरी माझं."